भरणा स्लिपच्या पाठीमागं लिहिलेले प्रश्न

आमच्या पतसंस्थेत रेकॉर्डरूम आहे. जुनी लेजर, पिग्मीची बाडं आणि एक मोडकी खुर्ची. त्या खुर्चीवर बसून मी लातूरच्या एका समुपदेशक मॅडमना पहिला फोन लावला. हातात भरणा स्लिप होती, तिच्या पाठीमागं सात प्रश्न लिहिले होते. घाम इतका आला की शाई पसरली आणि चौथा प्रश्न मलाच वाचता येईना.

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "असल्या ठिकाणी जायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं गं? पैसे किती? कुणाला कळतं का?" तिला फोनवर अर्धंच सांगून झालं. बाकीचं इथं लिहिते. निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूर अशा ठिकाणी राहून हेच प्रश्न मनात घोळवणाऱ्या बायका बऱ्याच असणार, मला खात्री आहे.

मी का गेले ते थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचं गाव तिथून चार कोसांवर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन बघून उशिरा आलो म्हणून मी आणि माझा भाऊ अंगणात बाजेवर झोपलो. आजी आत, माळवदाखाली. त्या दगडामातीच्या भिंतींचं काय झालं ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढले. त्यानंतर दरवर्षी गणपतीच्या दिवसांत माझी झोप उडायची आणि दसऱ्यापर्यंत परत यायची. पण शेजाऱ्यांनी गच्चीवर पत्रे टाकले, त्या वर्षी ती आलीच नाही. वारं सुटलं की पत्रा वाजायचा आणि मी पोरांच्या खोलीत धावायचे. पावणेचारला डोळे उघडायचे ते उघडेच. ऑफिसात आकड्यांची बेरीज चुकायला लागली. वीस वर्षांत माझी बेरीज चुकली नव्हती.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "येरवड्याला नेत्यात तसल्याला. तुला काय झालंय? चांगली नोकरी करतीस." त्या वाईट नाहीत. त्यांच्या पिढीला मनाच्या दवाखान्याचं हे एकच नाव ठाऊक.

सगळ्यात आधी मी गावातच एकाकडं गेले होते. बाहेर 'समुपदेशन' अशी पाटी. शिक्षण काय, मी विचारलं नाही. विचारणं उद्धटपणाचं वाटलं. तासभर मनातलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी माझ्या मिस्टरांना फोन केला, "वहिनींना जरा फिरायला न्या, वेळ द्या." हेतू चांगला असेल. पण मी जे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते माझ्या घरात माझ्या आधी पोचलं. त्यानंतर आठ महिने मी कुणाकडं गेले नाही. ते आठ महिने फुकट गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणूनच पुढच्या वेळी स्लिपवर पहिला प्रश्न लिहिला तो हा: तुमचं शिक्षण काय, आणि मी बोललेलं कुणाकुणाला कळतं?

आता शिक्षणाचं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं त्याच विषयात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. तिला आरसीआय म्हणतात, आणि नोंदणी नंबर बिनधास्त मागता येतो. समुपदेशक बहुतेक मानसशास्त्रात एमए केलेले असतात. पण पाटी मात्र कुणीही लावतं, थोड्या दिवसांचा कोर्स करूनही लावतं. लातूरच्या मॅडमना मी विचारलं तेव्हा त्या जराही रागावल्या नाहीत. शिक्षण सांगितलं, किती वर्षं काम करतात ते सांगितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत." माझा अर्धा घाम तिथंच वाळला.

बोललेलं कुणाला कळतं, याचं उत्तर त्यांनी दोन भागांत दिलं. तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना, ऑफिसला, कुणालाही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. मग अपवाद सांगितले: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, कोर्टानं मागितलं तर. अपवाद ऐकून आधी मी बिचकले. नंतर वाटलं, हे आधीच सांगतात म्हणजे बाकीचं खरंच राखत असतील.

पैशाचं मी दबकत विचारलं. पहिल्या वेळी हजार, नंतर प्रत्येक वेळी आठशे, वेळ पन्नास मिनिटं. हा एका मॅडमचा दर झाला. दुसरीकडं कमी असेल, जास्तही असेल. मी सरळ म्हणाले, आठवड्याला आठशे मला जमणार नाहीत. त्या म्हणाल्या, पहिले चार आठवडे सलग या, मग पंधरा दिवसांनी. हे ठरवता येतं हेच मला माहीत नव्हतं. यायचं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं, नाहीतर फी लागते. एकदा एसटी औशाजवळ बंद पडली, तेव्हा रस्त्यावरून फोन केला. त्यांनी उरलेला वेळ फोनवरच दिला. मेडिक्लेमचंही मी बघितलं. मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायचा असं तोच कायदा सांगतो, पण साध्या पॉलिसीत दवाखान्यात भरती झाल्याशिवाय बहुधा पैसे मिळत नाहीत. पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा. माझ्या नव्हतं, म्हणून सगळं पदरचं. येण्याजाण्याला तेवढी एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत कामी आली.

आणखी एक, जे पतसंस्थेत बसणाऱ्या बाईलाच सुचेल: फोनपेनं पैसे दिले की खात्याच्या उताऱ्यात कुणाचं नाव उमटतं? आमचं खातं जोडीचं आहे. विचारलं, तर तिथं फक्त मॅडमचं स्वतःचं नाव येतं, केंद्राचं नाही. तरी पहिले दोन महिने मी रोखच दिले. मिस्टरांना मी स्वतःहून सांगितलं ते तिसऱ्या महिन्यात, माझ्या शब्दांत, चहा पिताना. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुवारी मी सोडतो स्टँडवर."

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी आहे, तिला हसू नये. मॅडमचं केंद्र ट्यूशन एरियाच्या जवळ. नीटची तयारी करणारी पोरं आणि त्यांचे आईबाप बाहेर बसलेले असतात. पहिल्याच दिवशी आमच्या भावकीतले एक काका तिथं दिसले, नातवाला घेऊन आलेले. दोघंही एकमेकांकडं बघून खाली बघायला लागलो. नंतर मी दुपारी एकची वेळ मागून घेतली, तेव्हा पोरं क्लासला असतात. वेळ मागता येते. ऑनलाइन करू का, असंही त्यांनी विचारलं होतं. पण आमच्या घरात दार लावून बसायला खोली नाही, आणि आत्याबाईंना कानानं चांगलं ऐकू येतं. ज्यांच्याकडं खोली आहे त्यांनी जरूर करावं, प्रवास वाचतो.

पहिल्या दिवशी एक फॉर्म दिला, इंग्रजीत. मी मराठीत मागितला, मिळाला. त्यात नऊ प्रश्नांचा एक तक्ता होता: गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं. प्रत्येकासमोर चार रकाने, 'अजिबात नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत. आठ प्रश्नांवर खुणा करून झाल्या. नववा होता, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का. पेन तिथं थांबलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग दुसऱ्या रकान्यात टीक केली, 'काही दिवस'. मॅडमनी कागद वाचला, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी मला सरळ विचारलं, कधी येतात हे विचार, काही करायचं ठरवलं होतं का, घरात कुणाला माहीत आहे का. आयुष्यात पहिल्यांदा हे मला कुणीतरी नीट विचारलं. मी रडले. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, त्यांनी तो फक्त माझ्याकडं सरकवला.

त्यांनीच मला एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडं जाऊन यायला सांगितलं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली. म्हणजे मॅडमनी मला टाळलं असं झालं नाही. दोन्ही बरोबर चाललं.

मला वाटलं होतं, जाऊन भूकंपाची गोष्ट सांगायची की झालं. पहिल्या तीन भेटींत आम्ही त्या रात्रीला हातसुद्धा लावला नाही. पाय फरशीवर टेकवायचे, टाचा दाबायच्या, खोलीत काय काय दिसतं ते नावानं म्हणायचं: कपाट, दप्तर, आत्याबाईंची काठी. पहाटे पत्रा वाजला की हेच करायचं. चौथ्या भेटीत मी बाजेपर्यंत पोचले. माळवदापर्यंत पोचायला पुढचे दोन महिने लागले. त्यांनी घाई केली नाही. कुणी पहिल्याच दिवशी सगळं सांगा म्हणून मागं लागलं आणि तुम्हाला नको वाटलं, तर नाही म्हणा. तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर दुसरीकडं जा. चांगला समुपदेशक स्वतः दुसरं नाव सुचवतो.

ज्यांना फी अजिबात परवडत नाही त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करावी. आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं. मी एकदा पहाटे चार वाजता लावला होता. मनात नववा प्रश्न घोळत असेल तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच वेळी लावा, आणि घरातल्या एकाला तरी उठवा.

स्लिपवरचा सातवा प्रश्न होता, किती दिवस लागतील? मॅडम म्हणाल्या होत्या, आत्ता सांगता येणार नाही, आठ भेटींनंतर दोघी मिळून बघू. आठ भेटी झाल्या. बघितलं. आता महिन्यातून एकदा जाते. यंदाची तारीख मी मुद्दाम मागून घेतली, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची, दुपारी एकची. मैत्रिणीलाही सांगितलंय, त्या दिवशी माझ्याबरोबर लातूरला चल. वर यायचं नसेल तर खाली रसवंतीत बस. स्लिप मी आणते.