ट्रेकला सोलर चार्जर घेऊ का? तर ऐका

दिवाळी झाली, हवा जरा कोरडी झाली की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी तो फोटो टाकतंच. काळी-केशरी पॉवरबँक, पाठीला छोटंसं सोलर पॅनल, टोकाला टॉर्च, बाजूला कॅराबिनर (सॅकला अडकवायची कडी) लटकतोय आणि खाली प्रश्न, "घेऊ का?" मग पाच-सात जण अंगठा दाखवतात, एखादा "भारी रे" म्हणतो आणि तो माणूस घेऊन मोकळा होतो. म्हणून माझं उत्तर एकदाच नीट लिहून ठेवते. ती नका घेऊ. घडीचं, उघडून पसरायचं पॅनल वेगळं घ्या, साधी पॉवरबँक वेगळी घ्या, आणि तेही तुम्ही एका जागी चार-पाच तास बूड टेकवणारे असाल तरच. शनिवारी रात्री कसारा लोकल पकडायची आणि रविवारी संध्याकाळी ठाण्यात परत, असा ज्यांचा कार्यक्रम असतो त्यांनी सोलरच्या नादाला लागूच नये.

गणित अगदी शाळेतलंय. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट पडतात, पॅनलवर छापलेले वॉट ह्याच आकड्यावर मोजलेले असतात. आता त्या पॉवरबँकेच्या पाठीचं पॅनल केवढं, तर १४ बाय ७ सेंटीमीटर धरा, म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. त्यावर पडणार १० वॉट, चांगला सेल त्यातले २०-२२ टक्के विजेत बदलतो, म्हणजे झाले २ वॉट, आणि हे सूर्य बरोबर समोर असताना, एरवी एक-दीड. आत बॅटरी किती, तर २०००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, ती ३.७ व्होल्टवर असते, गुणलं की ७४ वॉट-तास. दीड वॉटने ७४ भरायला पन्नास तास लागतात, तेही कडक उन्हाचे. दिवसाला असे पाच तास मिळाले तर दहा दिवस, आणि मध्ये जी गळती होते ती वेगळीच. तुमच्या ट्रेकला दहा दिवस सुट्टी देतं का ऑफिस?

आमच्या दादाकडे आहे ती. कळव्याला त्याच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली आठवडाभर ठेवली होती, चार्ज दाखवणाऱ्या चारातले दोन दिवे लागले म्हणून खूश, पण ते दोन दिवे आधीपासूनच लागत होते असं वहिनीचं म्हणणं. वर ती म्हणते, "तुम्ही तिला ऊन दाखवा, मी आपला फोन भिंतीतल्या सॉकेटला लावते." दादा ह्यावर काही बोलत नाही.

बरं नुसती हळू चार्ज होते एवढंच असतं तर चाललं असतं. पण ह्यात बॅटरी स्वतःच उन्हात पडलेली असते ना! लिथियमची बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिलमध्ये काळं प्लास्टिक कातळावर अर्धा तास ठेवून मग उचलून बघा, हातात धरवत नाही. पॅनलला ऊन पाहिजे आणि बॅटरीला सावली पाहिजे, आणि ह्या लोकांनी दोघांना एकाच डबीत कोंबलंय.

आता घडीचं पॅनल. त्यावर २१ किंवा २८ वॉट लिहिलेलं असतं ते मिळत नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा. ते वॉट सेलचं तापमान २५ डिग्री धरून काढलेले असतात आणि आपल्याकडच्या उन्हात सेल सहज ६० च्या पुढे जातो, दर डिग्रीला ०.४ टक्क्यांच्या आसपास घट धरली तरी १४-१५ टक्के तिथेच गेले. उरलेलं धूळ, धुरकट हवा आणि वाकडा कोन खातात. माझ्या २१ वॉटवाल्यातून थंडीतल्या चांगल्या दुपारी १२-१३ वॉट निघतात आणि मला तेवढे पुरतात.

हे मला कसं कळलं, तर यूएसबी मीटर. बोटाएवढी वस्तू, पॅनल आणि केबलच्या मध्ये लावायची, व्होल्ट आणि अँपिअर दाखवते, सोलरचं काहीही घेणार असाल तर आधी ही घ्या. आम्ही ऐरोलीत राहतो, गॅलरी पश्चिमेला, दीड-दोनला ऊन आत येतं. पॅनल खुर्चीवर टेकवून ठेवलं, मीटरवर १.४ अँपिअर, मस्त. चहा टाकून परत आले तर ०.३! ढग नाही, काही नाही. बघते तर ग्रीलच्या एका गजाची सावली, बोटभर रुंद, चारातल्या एकाच घडीवर आडवी पडलेली. खुर्ची वीतभर सरकवली की परत १.४. असं का होतं, तर घडीतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकाच्या अंगावर सावली पडली की त्याच्यामागचे सगळे अडतात, आपल्या लोकलच्या दारात एकच जण अडून उभा राहिला की आतली सगळी गर्दी तुंबते तसं. मोठ्या छतावरच्या पॅनलमध्ये ह्यावर उपाय म्हणून बायपास डायोड असतात, अडलेल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारे, छोट्यांमध्ये बऱ्याचदा नसतात. तेव्हा ग्रीलच्या गॅलरीत सोलर लावून फोन चार्ज करायची स्वप्नं सोडा, गच्चीची चावी मागा (आणि सेक्रेटरीकाका चार प्रश्न विचारतील त्याची तयारी ठेवा).

ह्याच कारणाने सॅकच्या पाठीला पॅनल बांधून चालणं मला पटत नाही. फोटोत झकास दिसतं. पण माहुली किल्ल्यासारख्या ठिकाणी आसनगावहून पायथ्याला गेलात की पुढे चढ झाडीतून, पानांची सावली नाचतेय, वाट वळली की तुमची पाठ सूर्याकडून भलतीकडेच, आणि पॅनल उभं लटकतंय. मीटर लावून चालून बघितलंय, आकडा एका जागी थांबत नाही आणि बहुतेक वेळ शून्याच्या शेजारीच घुटमळतो.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आपली पब्लिक ट्रेक करते कधी, तर जून ते सप्टेंबर! धो धो पाऊस, धुकं, समोरचा माणूस दिसत नाही. दाट ढगाखाली पॅनल जेमतेम दहा-वीस टक्के देतं, म्हणजे माझ्यावाल्यातून दोन-तीन वॉट, आणि तेवढ्यासाठी ते पावसात उघडून कोण बसणार. हे बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून कळत नाही, कारण त्यांचा हायकिंगचा सीझन म्हणजे लांबलचक उन्हाचा उन्हाळा आणि आपला म्हणजे पाऊस.

वजनाचं पण बघा. १०००० एमएएचची बँक २०० ग्रॅमच्या आसपास असते, बऱ्यापैकी घडीचं पॅनल ६०० च्या घरात. म्हणजे एका पॅनलच्या वजनात तीन बँका येतात. डब्यावर १०००० लिहिलं तरी ३.७ चे ५ व्होल्ट करताना आणि गळतीत मिळून फोनला साधारण ६०००-६५०० च पोचतात हे धरलं, तरीही तीन बँकांत आजकालचा ५००० वाला फोन चारेक वेळा भरतो. दोन दिवसांच्या ट्रेकला हे डोक्यावरून पाणी. त्यात फोन फ्लाइट मोडवर टाका, घाटात रेंज शोधून शोधूनच त्याचा जीव जातो, जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतं, फक्त नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून न्या.

मग माझ्याकडे पॅनल आहे कशाला? दोन कामांसाठी. एक म्हणजे रेंज ट्रेक, डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जायचं, रतनगड ते हरिश्चंद्रगड सारखा, डिसेंबर-जानेवारीत, सात-आठ जण, तीन-चार दिवस. गावात ज्यांच्याकडे उतरतो त्या मामांच्या घरी चार्जिंगला लावता येतं हो, पण बोर्ड एक आणि फोन आठ, आणि लाईट गेली की गेली. अशा वेळी दुपारी जेवायला थांबलो की पॅनल पसरायचं, कोकणकड्याच्या पठारावर मुक्काम असेल तर सावलीचा प्रश्नच नाही, तंबूवर टाकून दिलं की हेडलॅम्प, फोन सगळ्यांचं भागतं.

दुसरं आणि जास्त वेळा पडणारं काम, खाडी. घराजवळच ठाणे खाडी, फ्लेमिंगोचं अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) पण आलं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पक्षी बघायला, मोजायला बसतो तेव्हा भरती चढून पक्षी जवळ येईपर्यंत तीन-चार तास हलायचं नसतं. कॅमेऱ्याची एक बॅटरी सात-साडेसात वॉट-तासांची, म्हणजे चांगल्या उन्हात एक-सव्वा तासात भरते, आणि आपण तसेही तिथेच बसलेलो असतो.

पण सकाळी पॅनल जमिनीवर आडवं टाकायचं नाही, ही चूक सगळे करतात. डिसेंबरात सकाळी नऊला सूर्य क्षितिजाच्या वर पंचवीसेक डिग्रीच असतो, आडव्या पॅनलला निम्म्याहून कमी ऊन मिळतं. पाण्याची बाटली, दुर्बिणीची केस, काहीही मागे लावून त्याला सूर्याकडे तोंड करून उभं करा. कोन बरोबर आहे का बघायचं तर पेन पॅनलवर काटकोनात उभं धरायचं आणि त्याची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनल हलवायचं. सावली पेनाखाली गेली की झालं. मग तासाभराने परत एकदा. भर डिसेंबरच्या दुपारी पण आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, पन्नास डिग्रीच्याही वर जात नाही, तेव्हा तिरकं ठेवणं दुपारीही सोडायचं नाही. मे महिन्यात मात्र आडवं टाकलं तरी चालतं, डोक्यावरच असतो.

आणि फोन डायरेक्ट पॅनलला लावू नका. ढग आला की पुरवठा तुटतो, ढग गेला की परत सुरू, दर वेळी फोनची स्क्रीन पेटते, टिंग वाजतं, काही फोन तर एकदा करंट कमी झाला की ऊन परत आलं तरी हळूच चार्ज घेत राहतात, केबल काढून घातल्याशिवाय सुधारत नाहीत. पॅनलने बँक भरायची, ती पॅनलच्या मागे सावलीत, फडक्यात गुंडाळून, आणि संध्याकाळी बँकेतून फोन. ब्ल्यूटूथ इअरफोन किंवा मनगटावरचा बँड लावला की बँक थोड्या वेळात आपोआप बंद होत असेल तर ती बिघडलेली नाहीये, एवढा कमी करंट जातोय बघून तिला वाटतं काही लावलेलंच नाही. बऱ्याच बँकांमध्ये बटण दोनदा दाबलं किंवा दाबून धरलं की लो-करंट मोड येतो, माहितीपत्रक बघा.

घेताना काय बघायचं, तर वरचा थर. ईटीएफई नावाच्या टिकाऊ प्लास्टिकचा असेल तर थोडे जास्त पैसे द्या, साध्या पीईटी प्लास्टिकवाला आपल्या उन्हात लवकर पिवळट, धुरकट होतो. बँकेवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण असलीच पाहिजे, ती नसेल तर कितीही स्वस्त असो, सॅकमध्ये कपड्यांच्या मध्ये असली वस्तू नको. विमानाने जाणार असाल तर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-तासांच्या आतली.

माझं पॅनल मे संपला की माळ्यावर जातं, कोरड्या फडक्याने पुसून, जोडणीच्या डबीत खाडीची दमट हवा शिरू नये म्हणून झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बँक मात्र निम्मी भरलेली ठेवायची, पूर्ण रिकामी चार महिने पडली तर ऑक्टोबरात उठेलच असं नाही. दादाला पण हे सांगितलंय, तो म्हणतो त्याची निम्मीच असते कायम.