चाकांची हजेरी

थंडीची चाहूल लागली की गॅरेजच्या कोपऱ्यातली चार हिवाळी चाकं बाहेर काढायची, गाडीची उन्हाळी उतरवायची आणि त्यांच्या जागी ही चढवायची. वसंतात पुन्हा उलटी वरात. चाकांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर खडूने जागा लिहून ठेवतो: डावं पुढचं म्हणजे डापु, मग उपु, डामा, आणि उजवं मागचं अर्थातच उमा. चौघांत माणसासारखं नाव तिचं एकटीचंच. म्हणून की काय कोण जाणे, नखरेही तिचेच जास्त.

पहिल्या वर्षी हिवाळी संच घेतला तेव्हा मी हिशेबी माणसासारखा वागलो. रिम घेतले, टायर घेतले, पण आत हवेचा दाब सांगणारे सेन्सर बसवायचे का म्हटल्यावर हात आखडला. हवा बघायला आपल्याकडे डोळे आहेत की! चाकं चढवली, नट आवळले, गाडी बाहेर काढली आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि पोटात उद्गारचिन्ह. मिनिटभर लुकलुकला आणि मग ठाण मांडून बसला. मी बोटं गारठवत चारही चाकांना गेज लावून पाहिला. हवा चोख. शेवटी गाडीचं पुस्तक उघडलं. (ते आपण अशाच वेळी उघडतो.) दिवा थेट स्थिर पेटला तर हवा कमी, आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेचीच तक्रार. म्हणजे गाडीचं म्हणणं होतं, हवेचं राहू द्या, माझी चाकं कुठायत?

प्रत्येक उन्हाळी चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीहूनही लहान अशी एक डबी असते. तिच्यात दाब मोजायची सोय, तापमान मोजायची सोय, इवलासा रेडिओ आणि एक बॅटरी. डबीला स्वतःचा नंबर असतो आणि गाडीने आपल्या चौघींचे नंबर पाठ केलेले असतात. गंमत म्हणजे गाडी हजेरी घेत नाही, ती नुसती कान देऊन बसते. चाक फिरायला लागलं की डबी जागी होते आणि दर मिनिटाला वगैरे आपला नंबर आणि हवेचा दाब सांगत राहते. चाक उभं राहिलं की पुन्हा झोप. ओळखीचा आवाज बराच वेळ आला नाही की गाडी अस्वस्थ होते.

हे कौतुक 1986 च्या पोर्शे 959 मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा श्रीमंतांचं खेळणं होतं. पुढे टायर निकामी होऊन गाड्या उलटल्या, माणसं गेली, आणि अमेरिकेने 2000 साली कायदा केला. तिथे सप्टेंबर 2007 पासून नव्या मोटारींना आणि युरोपात नोव्हेंबर 2014 पासून सगळ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. काही गाड्यांत मात्र डबीबिबी काही नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं, हे त्या एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या मदतीने मोजतात. चाकं बदलली की हवा भरून एक बटण दाबायचं, संपलं. अशा गाडीवाल्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.

दिव्यावर एक अजब तोडगाही ऐकला. चार सेन्सर प्लास्टिकच्या जाड पाइपात घालायचे, दोन्ही तोंडं बंद करायची, आत टायरइतकी हवा भरायची आणि पाइप डिकीत टाकायचा. गाडी खूश. खरी चाकं बाहेर चपटी झाली तरी पाइप डिकीतून 'सगळं क्षेम' कळवत राहणार! कल्पकतेला सलाम, पण त्या गाडीत मी बसणार नाही.

मी दिव्यासोबत संसार मांडला. आठवड्याभरात तो दिसेनासाच झाला, आणि घोळ तिथेच होता. तापमान पाच-साडेपाच अंश उतरलं की टायरचा दाब साधारण एक पीएसआय (हवा भरताना सांगतो तो आकडा) उतरतो. उबदार गॅरेजात वीस अंशांना भरलेले बत्तीस बाहेर उणे दहात सत्तावीसवर येतात. त्यात उमाच्या रिमला गंज धरलेला, टायर बसतो त्या काठातून हवा झिरपत होती. एका सकाळी बर्फ झटकताना खाली लक्ष गेलं तर बाई बसकण मारलेल्या. दिवा आधीपासून पेटलेलाच, तो आणखी काय पेटणार?

मग मुकाट्याने सेन्सर घेतले. दोन वाटा होत्या. एक, दर मोसमात गाडीला नवे नंबर शिकवायचे. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपणहून शिकतात, काहींना यंत्र लावून पढवावं लागतं. दुसरी वाट जुळ्यांची. मेकॅनिकने हातातलं यंत्र प्रत्येक उन्हाळी व्हॉल्व्हजवळ धरलं, झोपलेली डबी जागी होऊन नंबर बोलली, आणि तोच नंबर त्याने कोऱ्या हिवाळी डबीत लिहिला. आता चाकं बदलली हे गाडीला कळतच नाही. अट एकच, जुळ्याने जुळ्याच्याच जागी बसायचं, नाहीतर हवा डापुची कमी आणि बोट उपुकडे. माझ्या खडूला तेव्हापासून घरात मान आहे.

डबीतली बॅटरी मात्र बदलता येत नाही. ती आत कायमची बंद असते, पाच-दहा वर्षं चालते आणि एक दिवस गप्प होते. गेल्या वसंतात उन्हाळी चाकं चढवली आणि बऱ्याच वर्षांनी तो दिवा पुन्हा लुकलुकला. कोण गेलं ते मी तपासण्याआधीच ओळखलं होतं.

मेकॅनिकने उमाच्या व्हॉल्व्हजवळ यंत्र धरलं. हूं नाही की चूं नाही. "नवा बसवतो, पण जुना नंबर कुठून आणू? ही तर बोलतच नाही," तो म्हणाला. मी घरी गेलो, रचलेल्या हिवाळी चाकांच्या तळातून उमा लिहिलेलं चाक ओढून काढलं, डिकीत घातलं आणि त्याच्यासमोर आणून उभं केलं. त्याने यंत्र जवळ नेलं. एक बीप झाला, आणि पडद्यावर आठ अक्षरी नंबर उमटला.