दोघंच जाता, भांडत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. किनाऱ्याने मुंबई ते गोवा सायकलवर गेलो होतो हे कळलं, की लोक आधी किलोमीटर विचारतात आणि मग हळूच, "दोघंच होतात? भांडण नाही झालं?"

झालं की. हेदवी आणि तवसाळच्या मध्ये, मार्चच्या उन्हात, दुपारी तीनला.

सकाळी दापोलीहून निघालो. दाभोळला फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली, आणि धोपाव्याला उतरल्या उतरल्या चढ. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजून माणूस फसतो. कोकणात प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्याला टेकतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो. एकेक चढ सुट्या पैशांसारखा किरकोळ, संध्याकाळी हिशेब मात्र भला मोठा. सड्यावर नुसता कातळ, सावली नावाला नाही.

हेदवी सोडल्यावर माझं मागचं चाक बसलं. ट्यूब मित्राने बदलली. (मी केळं खात होतो, हेही सांगायला हवं.) दोन किलोमीटरवर परत फुस्स.

"टायर आतून तपासलास?"

"तपासला."

"बोट फिरवलंस?"

"तपासला म्हटलं ना!"

तिथून गाडी त्याच्या सकाळच्या उशिरावर गेली, मग माझ्या दर टपरीला थांबण्यावर, शेवटी दोन वर्षांपूर्वीच्या उसन्या पैशांवर. जांभ्याच्या गडग्याला टेकवलेल्या दोन सायकली आणि तावातावाने भांडणारे दोन चाळिशीचे बाप्ये! डोक्यावर मोळी घेतलेल्या एक आजी क्षणभर थांबल्या, बघितलं आणि काही न बोलता पुढे गेल्या.

दोघांच्याही पोटात गोळा आला होता तो तवसाळच्या फेरीचा. ती मिळालीच नाही तर शास्त्री नदीची खाडी ओलांडायला पार आत भातगावच्या पुलापर्यंत वळसा. पण ते कोणीच बोलत नव्हतं.

शेवटी मुकाट्याने खाली बसलो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून गालाजवळून फिरवली. भोक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर होतं. टायरवर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढीच वीत मोजली. बोटाला काहीच लागेना. टायर उलटा वाकवला तेव्हा कुठे टोक चमकलं. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या तारा रस्त्यावर सांडतात, त्यातलीच एक, मिशीच्या केसाएवढी. नेलकटरने ओढून काढली. म्हणजे त्याने बोट खरंच फिरवलं असणार. मी तसं बोललो नाही.

जादा ट्यूब एकच होती, ती तर आताच फुटलेली. तिला पॅच लावायचा तर सोल्युशन पाच मिनिटं वाळू द्यावं लागतं. ती पाच मिनिटं आम्ही दोघं दोन दिशांना बघत बसलो.

तवसाळच्या उतारावर ब्रेक जवळपास लावलेच नाहीत. फेरी धक्क्यालाच होती. धापा टाकत विचारलं, "आमच्यासाठी थांबलात?"

"छे! तो चिऱ्यांचा टेम्पो आत घेत होतो."

बोटीत मित्राने चेपलेली चिक्की काढली, मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. पलीकडे जयगडला उतरलो तर समोर परत चढ.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "चाक बसलं तर मला दिसलं पाहिजे."

उसने पैसे अजून दिलेले नाहीत.