तुम्ही विचारलंत म्हणून: दाढी रोज करावी की दिवसाआड?

साबणाचा फेस गालावर चढेपर्यंत जी दोन-तीन मिनिटे जातात, त्यांत खुर्चीवर बसलेला माणूस मला एक प्रश्न हमखास विचारतो: दाढी रोज करावी, दिवसाआड करावी, की आठवड्यातून दोनदा पुरे? सोलापुरात साखर पेठेच्या बाजूला आमचे सलून आहे, वडिलांच्या मागे मी ते चालवतो, आणि नवरदेवापासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारलेले आहे. एखादा आकडा सांगून मोकळे होता येते. पण तो सगळ्यांना लागू पडत नाही हे मी रोज हाताखाली पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जवळपास १ सेंटिमीटर वाढतो. दाढी दाट आणि काळीभोर असेल तर एवढी वाढही संध्याकाळी गालावर दिसते. विरळ आणि मऊ असेल तर तीन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र ब्लेड केवळ केस कापत नाही, त्वचेचा अगदी वरचा पातळ थरही थोडा खरवडून नेते, आणि तो भरून यायला वेळ लागतो. म्हणून केस किती वाढले यापेक्षा त्वचा किती सावरली यावर दिवस ठरवावेत, असे माझे ठाम मत आहे. हे ओळखायचे असेल तर गालापेक्षा मान पाहावी. दाढी केल्याच्या दुसऱ्या दिवशी, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिल-मेमधल्या ४० अंशांवरच्या उन्हात, कॉलर घासते तेथे घामाने चुरचुरत असेल किंवा लाल पुरळ दिसत असेल, तर रोजची दाढी तुम्हाला मानवत नाही. एक दिवस सोडून पाहा; तरीही चुरचुर राहिली तर दोन दिवस सोडा. काहीच त्रास नसेल तर रोज करायला हरकत नाही.

कुरळ्या केसांच्या माणसांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि त्यांची मला खरी काळजी वाटते. काही वर्षांपूर्वी एक तरुण आला. सुरक्षारक्षकाची नोकरी, रोज गुळगुळीत दाढीची सक्ती, आणि जबड्याखाली वीस-पंचवीस काळपट गाठी. त्याला त्या मुरुमाच्या पुटकुळ्या वाटत होत्या. उजेडात मान वर करायला लावून भिंगातून पाहिले, तेव्हा एका गाठीवर केस कमानीसारखा वाकलेला आणि त्याचे टोक पुन्हा त्वचेत रुतलेले स्पष्ट दिसले. तो तीन-चार पात्यांचे रेझर वापरत होता, तेही त्वचा ताणून आणि केसांच्या उलट दिशेने. अशा रेझरमध्ये पुढचे पाते केस ओढून धरते आणि मागचे तो कापते. कापलेला केस मग त्वचेच्या पातळीखाली जातो, आणि कुरळा असेल तर बाहेर येण्याऐवजी आतच वळतो. मी त्याला महिनाभर ब्लेड पूर्ण बंद ठेवून ट्रिमरने १ मिलिमीटरभर खुंट ठेवायला सांगितले, आणि नोकरीवर अडचण येऊ नये म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून तशी चिठ्ठी घ्यायला लावली. महिन्याने बहुतेक केस आपोआप सुटून बाहेर आले होते. काळे डाग जायला पुढे बरेच महिने लागले. गिऱ्हाईक गुळगुळीत गाल मागते म्हणून सरसकट उलटा हात मारण्याची चूक मीही उमेदवारीच्या काळात केलेली आहे. आता मानेवर मी तो मारत नाही. तेथे केसांना अनेकदा भोवरा असतो, एका बाजूचे वर तर दुसऱ्या बाजूचे आडवे वाढतात, आणि ही दिशा प्रत्येकाने बोटाने चाचपून एकदा तरी ओळखून ठेवायला हवी.

दिवस किती सोडावेत याइतकेच दाढी कशी करता यालाही महत्त्व आहे, कारण निम्मी जळजळ कोरड्या दाढीमुळे होते. केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून आंघोळीनंतरची दाढी उत्तम. आपल्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्यामुळे अनेक घरांत आंघोळीला बोअरचे पाणी असते. जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही, गालावर चिकट थर बसतो आणि ब्लेड सरकण्याऐवजी अडखळते. साठवलेल्या नळाच्या पाण्यातले एक तांब्याभर पाणी कोमट करून दाढीसाठी वेगळे काढा, एवढी विनंती मी अनेकांना केली आहे आणि त्यांना फरक पडला आहे. पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला. पिकलेल्या पुटकुळीवरून ते कधीही नेऊ नका. सलूनमध्ये नवे ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा आणि सर्वांच्या गालांवरून फिरलेला तुरटीचा खडा नाकारा; कावीळ बी आणि सी रक्तातून पसरते, त्यामुळे असा नकार दिल्याने कोणत्याही कारागिराला राग येण्याचे कारण नाही.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. महिनाभराच्या दाढीवर थेट वस्तरा चालवला तर केस ओढले जातात आणि महिनाभर पाते न लागलेली त्वचा एकदम सोलवटते. वडील आठवड्याने येणाऱ्या गिरणी कामगारांचीही दाढी आधी कात्रीने उतरवत, मग गरम पाण्याचा टॉवेल ठेवत आणि त्यानंतरच वस्तरा हातात घेत. आजही मी तसेच करतो, आणि दुसरी दाढी दोन दिवस तरी करू नका, असे सांगतो.

मिसरूड फुटलेल्या मुलांचे वडील विचारतात, लवकर दाढी सुरू केली तर केस राठ होतील का? होत नाहीत. वाढलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापल्यावर ते बोथट होते, म्हणून बोटाला खरखरीत लागते. मुळाशी काहीच बदलत नाही. त्या वयात महिन्यातून दोनदा हलक्या हाताने केली तरी पुरते.

आणि नवरदेवांनी हळदीच्या सकाळी दाढी करू नये, आदल्या संध्याकाळी करावी. ताज्या दाढीवर हळद फार झोंबते. एका रात्रीची विश्रांती मिळालेल्या गालाला ती सोसते.