उशीवरचा गुडघा

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी शहरातील एका अस्थिरोगतज्ज्ञांचा फोन आला. त्यांच्याकडे गुरुवारी ज्या मुलीची शस्त्रक्रिया ठरली होती, तिचा एमआरआय आमच्या केंद्रात झाला होता आणि अहवालाखाली सही माझी होती. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे ते १३ मिलिमीटर मला पटत नाहीत. पाय सरळ करायला सांगितला की तिची गुडघ्याची वाटी शेवटी बाहेर उडी मारते. एकदा पुन्हा बघाल का?" छापील आकडा हाती असताना त्यांनी हाताखालच्या गुडघ्यावर विश्वास ठेवला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. अहवालाची शेवटची चार ओळींची चौकट वाचून पुढे जाणारेच मी अधिक पाहिले आहेत.

मुलगी सतरा वर्षांची, करवीर तालुक्यातील एका गावची, खो-खो खेळणारी. दोन वर्षांपूर्वी खांबाला वळसा घालताना पाऊल जमिनीत रुतले, धड आत फिरले आणि डाव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निखळली. त्यानंतर आणखी तीनदा तसेच झाले, शेवटच्या वेळी तर नुसता जिना उतरताना. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध फाटलेला होता आणि तेवढाच नव्याने बांधायचा बेत होता, कारण माझ्या अहवालाप्रमाणे बाकीची रचना तशी फारशी बिघडलेली नव्हती.

तो १३ चा आकडा कशाचा, हे सांगणे आवश्यक आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक खोबण असते आणि गुडघा वाकतो तेव्हा वाटी त्या खोबणीतून सरकते. वाटीच्या खालून निघणारा स्नायुबंध नडगीच्या हाडावरील उंचवट्याला जोडलेला असतो. खोबणीच्या तळापासून हा उंचवटा आडव्या दिशेने किती बाहेर आहे, ते अंतर म्हणजे टीटी-टीजी. फ्रान्समधील ल्यों येथील हेन्री देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वाटीच्या अस्थिरतेची जी प्रमुख कारणे मांडली, त्यांत उथळ खोबण, उंच बसलेली वाटी आणि वाटीचा कल यांच्याबरोबर २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक टीटी-टीजी हेही एक होते. अंतर मोठे असेल तर मांडीचा स्नायू आवळला की वाटी प्रत्येक वेळी बाहेर ओढली जाते, आणि अशा गुडघ्यात केवळ अस्थिबंध बांधला तर त्या नव्या बंधावर रोज तोच ताण येत राहतो.

मोजणी कागदावर सोपी दिसते. एमआरआयचा एक आडवा छेद, म्हणजे आडव्या कापासारखे चित्र, असा निवडायचा की ज्यात मांडीच्या हाडाच्या दोन गोलव्यांमधली पोकळी कमानीसारखी दिसते. दुसरा उंचवट्याच्या पातळीचा. गोलव्यांच्या मागच्या कडांना टेकणारी रेषा काढायची, तिच्यावर खोबणीच्या सर्वांत खोल बिंदूतून एक लंब आणि उंचवट्याच्या मध्यातून दुसरा लंब टाकायचा, आणि दोन लंबांमधले अंतर घ्यायचे. अडचण अशी की ज्यांची वाटी वारंवार निखळते त्यांचीच खोबण उथळ असते, आणि सपाट ताटात सर्वांत खोल बिंदू कोणता हे ठरवताना दोन अनुभवी माणसांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून मी प्रत्येक मोजणी दोनदा करते, दुसऱ्या वेळी पहिला आकडा झाकून. या सवयीचा मला अभिमान होता. त्या दिवशी मी पुन्हा दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा १३ च आले.

मग बाजूने घेतलेले छेद उघडले. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे अक्ष जोडले, तेव्हा गुडघा जवळजवळ २७ अंश वाकलेला निघाला. हे चित्र पहिल्या दिवशीही माझ्यासमोर होते, पण मी त्यात फाटलेला अस्थिबंध, कूर्चा आणि वाटीची उंची पाहिली. कोन पाहिला नाही.

आमच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याला ती मुलगी आठवत होती. "पोरगी पाय सरळच करू देईना, मॅडम. कॉइलमध्ये घेतला की रडाय लागली. मग गुडघ्याखाली दोन उशा दिल्या आणि फ्लेक्स कॉइल गुंडाळली, तवा कुठं शांत पडली." कॉइल म्हणजे गुडघ्याभोवती बसणारा, चित्रासाठी संकेत टिपणारा साचा; फ्लेक्स कॉइल तेवढी वाकवून गुंडाळता येते. त्याने जे केले ते कोणत्याही चांगल्या माणसाने केले असते, आणि त्याला बोल लावणे मला अजिबात मान्य नाही. टीटी-टीजीसाठी पाय सरळ लागतो, हे त्याला आम्ही कधी सांगितलेच नव्हते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा 'एमआरआय डावा गुडघा' एवढेच लिहिलेले असते. वाटी निखळते हे रुग्णाच्या तोंडून कळले तर कळते.

गुडघा पूर्ण सरळ होताना नडगीचे हाड शेवटच्या काही अंशांत बाहेरच्या बाजूला फिरते आणि त्याच्याबरोबर उंचवटाही बाहेर जातो. वाकवला की तो परत आत येतो आणि अंतर कमी भरते. शिवाय सरळ पायात वाटी खोबणीच्या वर असते, तिला हाडाचा आधार नसतो, म्हणून निखळण्याची भीती तिथेच सर्वांत जास्त वाटते. ज्या स्थितीत मोजायला हवे होते, नेमक्या त्याच स्थितीला ती मुलगी घाबरत होती. तिचे रडणे हेच त्या दिवशीचे सर्वांत अचूक निदान होते आणि आम्ही ते उशी देऊन थांबवले.

दुपारी तिला वडिलांसह बोलावून घेतले. "मी पाय सरळ कराय गेलो की वाटी सटकतीया असं वाटतंय," ती म्हणाली. या वेळी मी स्वतः आत थांबले. तळहात वाटीच्या बाहेरच्या कडेला लावला, हलकेच आत दाबून धरला आणि तिला तिच्या वेगाने टाच खाली सोडू दिली. शेवटच्या थोड्या अंशांत वाटीचा धक्का माझ्या हाताला स्पष्ट जाणवला. मांडी सैल पडेपर्यंत वाट पाहून पट्टा बांधला आणि काही मिनिटांत आडवे छेद घेतले. अंतर १९ मिलिमीटर भरले. एमआरआयवर ते सीटीपेक्षा सहसा काही मिलिमीटर कमीच येते, आणि २० ची मर्यादा मुळात सीटीवर बेतलेली आहे. तेव्हा या १९ ला काठावरचा म्हणणे योग्य नव्हते.

मला अधिक लागले ते पुढचे. टीटी-पीसीएल नावाचे आणखी एक माप आहे. २०१२ मध्ये मांडल्या गेलेल्या या मापात उंचवट्याचे अंतर मागच्या क्रूसबंधाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाला मागून जोडलेल्या अस्थिबंधाच्या, आतल्या कडेपासून घेतात. दोन्ही खुणा नडगीच्याच हाडावर असल्याने गुडघा किती वाकला आहे याची बाधा त्याला फारशी होत नाही, आणि २४ मिलिमीटरच्या पुढे ते वाढलेले मानतात. पहिल्याच, उशीवरच्या चित्रांत ते मोजले तर २५ आले. म्हणजे पुरावा आठवडाभर माझ्याच संगणकात होता.

संध्याकाळी सर्जनना फोन केला. वाटी उंच असल्याचे, म्हणजे वाटीची उंची सांगणारे कॅटन-देशाँ गुणोत्तर १.३ असल्याचे, पहिल्या अहवालातही होते. हाडांच्या वाढपट्ट्या मिटलेल्या होत्या, त्यामुळे उंचवटा कापून आत आणि थोडा खाली सरकवण्याचा पर्याय खुला होता. गुरुवारची तारीख पुढे गेली आणि बेत बदलला. "पोरगी पुन्हा खेळंल का?" असे वडिलांनी जाताना मला विचारले. ते सर्जनच सांगतील, एवढेच मी म्हणू शकले.

आता आमच्या अहवालात प्रत्येक टीटी-टीजीच्या पुढे गुडघ्याचा कोन लिहिला जातो आणि वाटीच्या रुग्णाचा पाय कसा ठेवायचा याचा फोटो कन्सोलच्या वर चिकटवला आहे. परंतु मागचे काय? गेल्या तीन वर्षांतील वाटीचे ४१ एमआरआय मी रात्री बसून पुन्हा उघडले. नऊ गुडघे १५ अंशांहून अधिक वाकलेले निघाले. सहा जणांच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. तिघांचे फोन लागत नाहीत. त्यांतला एक गडहिंग्लजकडचा मुलगा आहे, त्या वेळी एकोणीस वर्षांचा, आणि त्याच्या अहवालात माझ्या सहीच्या वर 'टीटी-टीजी १४ मिलिमीटर, सामान्य मर्यादेत' असे लिहिलेले आहे.