मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर : तेवीसपैकी वीस झाल्या

माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यात एकूण ३१ कॅसेट निघाल्या. २३ मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट), ८ हाय-एट (त्याआधीच्या ॲनालॉग). मिनीडीव्हीपैकी २० आजपर्यंत उतरल्या, अडीचशे जीबीच्या वर चित्रीकरण जमा झालं. गेल्या दोन महिन्यांचे रविवार त्यातच गेले, पण हौस जराही कमी झालेली नाही.

आधी सामान. जुना डेस्कटॉप, त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं फायरवायर कार्ड (कॅमेऱ्यातला व्हिडिओ संगणकात आणायचं जुनं सॉकेट), एका टोकाला सहा पिनांची आणि दुसऱ्या टोकाला चार पिनांची केबल, आणि लिनक्सवर टेप उतरवून घेणारा डीव्हीग्रॅब हा प्रोग्रॅम. सोनीच्या हँडीकॅमवर याच सॉकेटला आय-लिंक लिहिलेलं असतं. हँडीकॅमला यूएसबीचंही भोक असतं म्हणून बरेच जण तीच वायर लावतात, पण पुष्कळ कॅमेऱ्यांत ती फक्त मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी असते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी बाजारातल्या छोट्या डोंगलमध्ये चित्र घेणं तर मिनीडीव्हीसाठी नुकसानीचंच. टेपवर चित्र आधीच डिजिटल आहे, त्याचं ॲनालॉग करून पुन्हा डिजिटल कशाला करायचं? फायरवायरमधून टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो, आणि प्रत्येक फ्रेमबरोबर चित्रीकरणाची तारीख आणि वेळही येते. त्या वायरींतून हे काही मिळत नाही.

एक काळजी मात्र घ्या. सहा पिनांच्या बाजूला वीज असते. प्लग उलटा बसला तर कॅमेऱ्याचं पोर्ट कायमचं जातं. मी कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवूनच केबल लावते. मॅकवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की २०२५ च्या मॅकओएस २६ मधून फायरवायर काढून टाकलंय, तेव्हा घरात जुना मॅक असेल तर तो भंगारात देऊ नका.

एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई करता येत नाही. फाइल तासाला साधारण १३ जीबी होते. डीव्हीग्रॅब मूळ सेटिंगमध्ये दर १ जीबीला, म्हणजे पाचेक मिनिटांनी, नवी फाइल सुरू करतो. ती मर्यादा शून्य केली आणि ऑटोस्प्लिट व टाइमस्टॅम्प हे पर्याय दिले की प्रसंगाप्रमाणे फाइली पडतात आणि प्रत्येकीच्या नावात टेपवरची तारीख येते. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घेते. टेप सैल झालेली असते, ती पुन्हा सारखी बसते.

पाचव्या कॅसेटला चित्रात आडवे पट्टे आले. एक पट्टा स्वच्छ, खालचा चौकोन-चौकोन झालेला, असं वरपासून खालपर्यंत. टेप गेली असं वाटून पोटात गोळा आला. पण पट्टे इतके नियमाने आले की टेपपेक्षा हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, संशय येतो. फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात, पालच्या (भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) एका फ्रेमचे बारा ट्रॅक (टेपवरच्या तिरक्या रेघा) ती आळीपाळीने वाचतात. एक हेड मळलं की निम्मं चित्र जातं. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवली, पट्टे गेले. दहा सेकंदांवर जाऊ नका, ती कॅसेट हेडला घासते.

खरी अडचण एलपीवाल्या (लाँग प्ले, म्हणजे टेप हळू चालवून जास्त वेळ रेकॉर्ड केलेल्या) तीन कॅसेटची होती. एलपीत ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं मावतात, कारण ट्रॅक १० मायक्रॉनऐवजी पावणेसातच्या आसपास अरुंद पडतो. ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केलं त्याची हेडची बारीकशी वाकडीतिकडी ठेवण टेपमध्ये उतरते आणि दुसऱ्या कॅमेऱ्याला ती जुळत नाही. माझ्या कॅमेऱ्यात नुसते चौकोन दिसत होते. मूळ कॅमेरा नाशिकला मामेभावाकडे होता. तो म्हणाला, "ताई, बॅटरी मेलीय, पण चार्जर लावून चालतो बघ." तो आणल्यावर तिन्ही कॅसेट जवळजवळ स्वच्छ आल्या. उरलेल्या डागांसाठी प्रत्येक कॅसेट तीनदा उतरवून डीव्हीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने जोडली. प्रत्येक फेरीत वेगळे तुकडे चांगले येतात, तो त्यातले धड निवडून एक फाइल करतो.

आता सतराव्या कॅसेटबद्दल. लेबलवर मोठ्या मामाच्या अक्षरात 'गणपती २००४'. फाइलींवर १८ सप्टेंबर २००४, म्हणजे चतुर्थीचीच तारीख, नंतर विसर्जनाची. विसर्जन संपलं, निळा पडदा आला. एरवी मी इथे थांबवते. त्या दिवशी स्वयंपाकघरात दुधावर लक्ष होतं म्हणून टेप चालत राहिली. दोनेक मिनिटांनी पुन्हा चित्र आलं, तारीख मे २००३. अंगणात खाटेवर पांढरं धोतर अंथरलेलं, आजी सोऱ्या दाबत कुरडया घालतेय. गोल पुरा झाला की अंगठ्याने चीक तोडायची आणि बोट पदराला पुसायची. कॅमेरा धरणाऱ्याला म्हणाली, "सावली पाडू नको रे, वाळायच्या नाहीत."

आई आतून आली ती आवाज ऐकूनच. "अगं थांब, मागे घे जरा." चार मिनिटं बारा सेकंदांचा तुकडा आम्ही सहा वेळा पाहिला. आजीचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता.

त्यानंतर आधीच्या सोळाही कॅसेट पुन्हा लावून शेवटपर्यंत चालवल्या. आणखी दोन तुकडे निघाले. तेव्हा निळा पडदा दिसला म्हणून बटण दाबू नका, टेप संपू द्या. तारखेवरही डोळे झाकून विश्वास नको. आतली छोटी बॅटरी संपलेली असली की कॅमेरा १ जानेवारी दाखवत बसतो. अशा फाइलींची नावं मी आईला विचारून बदलली.

मूळ डीव्ही फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात, त्यांना हात लावत नाही. बघायच्या प्रती एफएफएमपेग या प्रोग्रॅमने सेकंदाला ५० फ्रेमच्या केल्या. तिथे एक चूक झाली. पाल डीव्हीत खालचं फील्ड (फ्रेमच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) आधी येतं, मी वरचं आधी दिलं, तर लेझीमच्या मुलींचे हात पुढे-मागे थरथरायला लागले. फील्ड बदललं आणि लेझीम पुन्हा ठेक्यात आली.

उरलेल्या तीनपैकी एका कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी जाळी दिसतेय, बुरशीच आहे. ती कॅमेऱ्यात घालणार नाही, नाहीतर बुरशी हेडवर आणि तिथून बाकीच्या टेपांवर जाईल. झिपच्या पिशवीत वेगळी ठेवलीय. हाय-एटसाठी पाल डिजिटल-एट (तशाच कॅसेटवर डिजिटल चित्र घेणारा) कॅमेरा शोधतेय. त्यातली काही मॉडेल जुन्या हाय-एट वाचून फायरवायरमधून डीव्ही देतात, सगळी नाही. कोणाकडे तसा चालू कॅमेरा असेल तर महिनाभरासाठी हवा आहे, टपालखर्च माझा.