शंका नाही, म्या सांगितलं

लातूरहून तासाभरावरचं गाव. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा विस्तार व्हायचा होता, त्याची जनसुनावणी. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मी केला होता. ऐन वेळी इतिवृत्ताचं मराठीही माझ्याच गळ्यात पडलं.

स्पेंट वॉशचं, म्हणजे डिस्टिलरीतून निघणाऱ्या सांडपाण्याचं, मी ‘आसवनी सांडपाणी’ केलं होतं. गाव त्याला मळीचं पाणी म्हणतं, हे मला मंडपात बसल्यावर कळलं. ‘शून्य द्रव विसर्ग’, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही, हे वाचल्यावर तर मागून कुणीतरी विचारलं, “शून्य म्हंजे किती टँकर?” मंडप हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले.

त्याच महिन्यात एका प्रशिक्षणासाठी १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचं दहावं तत्त्व मराठीत आणलं होतं. पर्यावरणाच्या निर्णयात नागरिकांना माहिती, सहभाग आणि दाद मागण्याची सोय हवी, असं ते सांगतं. मुख्यतः युरोपीय देशांच्या १९९८ च्या आरहूस करारानं तेच बंधनकारक केलं. तिथं सामान्य माणूस थेट कराराच्या अनुपालन समितीकडे आपल्या देशाविरुद्ध तक्रार नेऊ शकतो. भारत त्या करारात नाही. आपल्याकडं आहे प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना: तीस दिवस आधी नोटीस, स्थानिक भाषेत सारांश, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अप्पर जिल्हाधिकारी. गणपूर्तीची अटच नाही. आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. हे शेवटचं कलम मला तोवर निव्वळ उपचार वाटायचं.

वाचायची वेळ आली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एक आजी टमटमची वाट बघत थांबलेल्या. मी वाचलं, “एका महिलेने पाण्याबाबत शंका उपस्थित केली.”

“थांब लेकरा. ती मीच ना?”

“हो आजी.”

“म्या शंका कुठं इचारली? म्या सांगितलं. माझ्या हिरीला दोन उन्हाळे लाल पाणी येऊलालंय.”

कंपनीचा सल्लागार पुटपुटला, अर्थ तोच की. तोच नव्हता. शंकेला ‘निरसन केले’ एवढं उत्तर पुरतं. लाल पाण्याला विहिरीवर जाऊन नमुना घ्यावा लागतो.

अप्पर जिल्हाधिकाऱ्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. ‘शंका उपस्थित केली’ खोडलं, वर तिचं वाक्य लिहिलं, पुन्हा मोठ्यानं वाचलं. मग सही झाली.

“लाल लिव्हलं का?”

“लिहिलं.”

तेवढ्यात टमटम आली. आजी चप्पल शोधत निघाल्या.